सरकार बायांशी बोलते, ते कोणाच्या तोंडून?



सरकारने आपली माहिती लोकांपर्यंत पोचवायची ती स्वतःच्या पगारी माणसांकडून की बाहेरच्या कंपनीला कंत्राट देऊन, हा प्रश्न स्त्री-चळवळीच्या अंकात कशाला, असे तुमच्यातल्या काही जणींना वाटेल. निविदा, माध्यम आराखडे, जनसंपर्क हे मंत्रालयातल्या साहेबांचे विषय. आपले विषय मारहाण, जमीन, रेशन, दारू, मजुरी हे. पण आपल्या बैठकांमध्ये येणाऱ्या तक्रारी जरा आठवून पाहा. त्यातल्या कितीतरी एकाच वाक्याने सुरू होतात : ‘आम्हाला कोणी सांगितलंच नाही.’ अर्जाची मुदत संपल्याचे सांगितले नाही, नवऱ्याच्या मागे सातबारावर नाव लागते हे सांगितले नाही, संरक्षण अधिकारी नावाचे कोणी असते हे सांगितले नाही. मग सांगायचे कोणी होते? ते काम कोणाकडे होते, आणि त्याचे पैसे कोणाला मिळाले? एवढे विचारले की हा विषय थेट आपल्या दारात येतो.

माहिती देणे ही सरकारची मेहेरबानी नाही, हे आधी लक्षात घेऊ. २००५च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याचे ११वे कलम सांगते की या कायद्यातल्या तरतुदींना दूरदर्शन, आकाशवाणी, वर्तमानपत्रे यांतून ठरावीक काळाने व्यापक प्रसिद्धी देणे हे केंद्र आणि राज्य सरकारांचे कर्तव्य आहे. त्याच वर्षीच्या माहिती अधिकार कायद्याचे चौथे कलम त्याहून पुढे जाते. सरकारने स्वतःहून माहिती द्यावी, आणि ती देताना खर्च, स्थानिक भाषा आणि त्या भागात सर्वांत परिणामकारक ठरणारी पद्धत विचारात घ्यावी, असे त्यात लिहिले आहे. ‘स्थानिक भाषा’ आणि ‘त्या भागातली पद्धत’ हे दोन शब्दप्रयोग आपण पुढच्या सगळ्या चर्चेत हाताशी ठेवूया.

आता वादाकडे येऊ. मे २०२१मध्ये, कोविडची दुसरी लाट जोरात असताना, राज्य सरकारने एक शासन निर्णय काढला. तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार यांची फेसबुक, ट्विटर वगैरे समाजमाध्यमांवरची खाती सांभाळण्यासाठी बाहेरची कंपनी नेमायची आणि त्यावर वर्षाला जवळपास ६ कोटी रुपये खर्च करायचे, असा तो निर्णय होता. कारण असे दिले होते की, सरकारच्या माहिती व जनसंपर्क महासंचालनालयाकडे या कामाचे तांत्रिक कौशल्य असलेली माणसे नाहीत. ओरड झाली आणि दुसऱ्याच दिवशी उपमुख्यमंत्र्यांनी तो निर्णय रद्द करायला लावला. असलेल्या सरकारी यंत्रणेकडूनच काम होईल, असे सांगण्यात आले. म्हणजे आदल्या दिवशी जी यंत्रणा अपुरी होती ती चोवीस तासांत पुरेशी ठरली. ती खरोखर पुरेशी आहे का, नसेल तर तिला पुरेशी करायला काय लागेल, हा प्रश्न मात्र त्या गदारोळात कोणी विचारला नाही.

कंत्राटाच्या बाजूने बोलणाऱ्यांचे म्हणणे आपण प्रामाणिकपणे ऐकले पाहिजे. ते म्हणतात, सरकारी माणूस एकदा चिकटला की चिकटला, नवे शिकत नाही. त्याची भाषा ‘सर्व संबंधितांना कळविण्यात येते की’ या पलीकडे जात नाही. चित्रफीत, ध्वनिफीत, मोबाईलवरचे संदेश ही कामे रोज बदलतात, त्यासाठी तरुण, हुशार माणसे हवीत, आणि काम संपले की त्यांचा बोजा तिजोरीवर राहू नये. यात तथ्य आहे. सरकारी पत्रक वाचून कुठल्याही गावातल्या बाईला काही समजले आहे, असे क्वचितच घडते. दुसरी बाजू म्हणते, बाहेरचा माणूस नफ्यासाठी येतो, दर फुगवतो, त्याला खात्याचे कामकाज माहीत नसते, आणि कंत्राट संपले की सगळा अनुभव गाठोड्यात बांधून निघून जातो. यातही तथ्य आहे. पण दोन्ही बाजू बोलतात त्या पैशांबद्दल आणि कौशल्याबद्दल. ऐकणारी बाई या वादात कुठेच नाही.

तिला वादात आणायचे तर आपल्याला दोन साधे प्रश्न विचारावे लागतील. जे सांगितले ते तिला कळले नाही, तर पुन्हा विचारायला ती कोणाकडे जाणार? आणि जे सांगितले ते चुकीचे निघाले, तर जाब कोण देणार?

२०२४च्या जूनअखेर ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजना जाहीर झाली, ती सगळ्यांना आठवत असेल. २१ ते ६५ वयाच्या बायांना महिन्याला १,५०० रुपये. या एका योजनेच्या प्रसिद्धीसाठी सरकारने त्याच वर्षी सुमारे २०० कोटी रुपयांचा माध्यम आराखडा मंजूर केला. फलक लागले, जाहिराती झळकल्या, मेळावे झाले. पण अर्ज कोणी भरून घेतले? गावात अंगणवाडी सेविकेने. आधी ग्रामसेवक, आशा, ‘उमेद’च्या सीआरपी, सेतू केंद्रे अशा अनेकांना ते काम दिले होते. सप्टेंबर २०२४मध्ये ते फक्त अंगणवाडी सेविकांकडे ठेवले गेले. त्यासाठी तिला मोबदला किती? एक पात्र अर्ज, ५० रुपये. आधार जुळत नाही, बँक खाते दुसऱ्याच नंबरला जोडलेले, माहेरचे नाव एका कागदावर आणि सासरचे दुसऱ्या, ही सगळी उकल तिने आपल्या डोक्याने आणि बऱ्याचदा आपल्याच मोबाईलवर केली. ज्यांनी फलकावरची ओळ लिहिली त्यांना एकाही बाईच्या प्रश्नाला उत्तर द्यावे लागले नाही.

त्याच काळात ‘मुख्यमंत्री योजनादूत’ नावाचा उपक्रम आला. राज्यभर ५०,००० तरुण, दर ग्रामपंचायतीला एक आणि शहरात दर ५,००० लोकसंख्येला एक. सहा महिने महिन्याला १०,००० रुपये घेऊन सरकारी योजनांची माहिती घरोघरी द्यायची. गुणाकार केला की आकडा ३०० कोटींवर जातो. बेकार तरुणतरुणींना चार पैसे मिळाले तर आपल्याला दुःख नाही. पण ज्या गावात आशा आहे, अंगणवाडी सेविका आहे, मदतनीस आहे, सीआरपी आहे, त्या गावात माहिती सांगायला सहा महिन्यांचा एक दूत वेगळा लागतो, हे कोणाला सुचले? आणि सहा महिन्यांनी दूत गेल्यावर त्याने सांगितलेल्या गोष्टींची जबाबदारी कोणाच्या पदरात पडणार? विधानसभेची निवडणूक त्याच वर्षी नोव्हेंबरात होती, हेही विसरून चालणार नाही.

आता आपल्या जिल्ह्याकडे पाहू. यवतमाळला १६ तालुके आणि बाराशेच्या आसपास ग्रामपंचायती. २०११च्या जनगणनेत लोकसंख्या २७ लाख ७२ हजार. झरी-जामणी, मारेगाव, केळापूर, घाटंजी, राळेगाव या पट्ट्यात कोलाम आणि गोंड वस्ती. पुसद, दिग्रस, दारव्हा, महागाव, उमरखेडकडे बंजारा तांडे. पोडावरच्या म्हाताऱ्या बाईची भाषा कोलामी, तांड्यावरच्या बाईची गोरबोली, आणि उरलेल्या बायांची वऱ्हाडी. मुंबईत किंवा पुण्यात बसून लिहिलेली जाहिरात यांपैकी एकाही भाषेत नसते. पण केवळ सरकारी कर्मचारी असल्याने ती कोलामीत होईल, असेही नाही. जिल्हा माहिती कार्यालयातून निघणारी बातमी वर्तमानपत्रात जाते, आणि पोडावर वर्तमानपत्र जात नाही. तिथे जाते ती आशा. आशाच्या निवडीचा नियमच असा आहे की ती त्याच गावात राहणारी बाई असावी. २००५च्या ग्रामीण आरोग्य अभियानाने हे ओळखले होते की, ओळखीच्या बाईने, आपल्या भाषेत, आपल्या ओट्यावर बसून सांगितलेलेच पटते.

आणि इथेच या वादातली मोठी लबाडी उघडी पडते. सरकारकडे माहिती पोचवायला दोन प्रकारची माणसे आहेत असे मानून सगळे बोलतात, एक पगारी आणि दुसरी कंत्राटी. प्रत्यक्षात गावपातळीवर सरकारचे बोलणे करते ती तिसरीच व्यक्ती. ती बाई असते, ती सरकारी नोकर नसते आणि कंत्राटदारही नसते. तिला ‘स्वयंसेविका’ म्हणतात, तिला ‘मानधन’ मिळते. कंपनीला कंत्राट, साहेबाला पगार आणि बाईला मान! २००६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविका या शासकीय पदावर नाहीत असे ठरवले होते. २०२२च्या एप्रिलमध्ये त्याच न्यायालयाने त्यांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असा निकाल दिला आणि त्यांच्या कामाचा आवाका लक्षात घेतला. त्याच वर्षी मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या आशांचा गौरव केला. पण कोविडमध्ये घरोघर फिरून लोकांना समजावण्यासाठी त्यांना केंद्राकडून नेहमीच्या मोबदल्याखेरीज मिळाले ते महिन्याला १,००० रुपये. डिसेंबर २०२३ ते जानेवारी २०२४ या काळात राज्यातल्या अंगणवाडी सेविका पन्नासहून अधिक दिवस संपावर होत्या, आशाही २०२४च्या सुरुवातीला रस्त्यावर होत्या. पाच-सहा महिन्यांतच त्याच अंगणवाडी सेविकांच्या हातात लाडक्या बहिणींचे अर्ज आले.

ज्या कामाला पैसे लागतात ते काम बाहेर द्यायचे आणि ज्या कामाला माया, ओळख आणि वेळ लागतो ते बाईकडून फुकटात करून घ्यायचे, ही वाटणी आपल्याला नवी नाही. घरात हीच वाटणी असते. सरकारने ती उचलून आपल्या दफ्तरात नेली एवढेच.

२०२५चे उदाहरण घ्या. सप्टेंबरात लाडकी बहीण योजनेसाठी ई-केवायसी सक्तीची झाली. बाईच्या आधारबरोबर नवऱ्याचे किंवा वडिलांचे आधारही मागितले गेले. मग जिचा नवरा वारला आहे आणि वडीलही नाहीत तिने काय करायचे? जिला टाकलेले आहे तिने कोणाचा नंबर द्यायचा? शेतकरी आत्महत्यांसाठी देशभर ओळखल्या जाणाऱ्या या जिल्ह्यात हा प्रश्न किती घरांत पडला असेल, हे वेगळे सांगायला नको. शेवटी मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढली, आणि अशा बायांनी मृत्यूचा दाखला किंवा घटस्फोटाची कागदपत्रे द्यायची असे ठरले. ती द्यायची कोणाकडे? अंगणवाडी सेविकेकडे. म्हणजे जाहिरात जिथे थांबली, संगणक जिथे अडला, तिथे पुन्हा तीच उभी राहिली. योजनेचा मजकूर लिहितानाच गावातल्या चार सेविकांना समोर बसवले असते, तर विधवेचा प्रश्न पहिल्याच दिवशी निघाला असता. जो मजकूर लिहितो त्याचा आणि जी ऐकून घेते तिचा संबंधच येत नाही, हे खरे दुखणे आहे. मजकूर लिहिणारा पगारी की कंत्राटी, हा त्यानंतरचा प्रश्न.

सरकारला मनापासून सांगायचे असेल तर ते काय करू शकते, हेही आपण पाहिलेले आहे. कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण १९६०च्या दशकात दीप त्यागी या केंद्र सरकारच्या कुटुंबनियोजन विभागातल्याच अधिकाऱ्याच्या पुढाकाराने आला.  एक खूण, थोडे शब्द, आणि ती भिंतीभिंतीवर, एसटीच्या मागे, दवाखान्यावर. अक्षर न येणाऱ्या बाईलाही तो त्रिकोण कळत होता. आता दुसरा त्रिकोण पाहा. कीटकनाशकाच्या डब्यावर कोनावर उभा केलेला एक चौकोन असतो आणि त्याच्या खालच्या अर्ध्यात रंगीत त्रिकोण. लाल म्हणजे सर्वांत जहाल विष, मग पिवळा, मग निळा, आणि हिरवा म्हणजे त्या मानाने सौम्य. १९७१च्या नियमांपासून ही खूण सक्तीची आहे. पण ती आपल्यापैकी किती जणींना वाचता येते? २०१७च्या पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या आठवड्यांत याच जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले आणि शेकडो जण दवाखान्यांत भरती झाले. फवारणीचे पाणी वाहणे, औषध कालवायला हात लावणे, नवऱ्याचे भिजलेले कपडे धुणे ही कामे बायांची. त्यांना विषाबद्दल सांगायला कोण आले होते? कोणते औषध, किती आणि कशात मिसळून, हा सल्ला मिळत होता तो दुकानात, म्हणजे ज्याला माल खपवायचा आहे त्याच्याच तोंडून. सरकारचा स्वतःचा माणूस जिथे पोचत नाही, तिथली जागा रिकामी राहत नाही. तिथे विकणारा येऊन बसतो. प्रसिद्धीचे काम बाजारावर सोपवण्याचा अर्थ आपल्या जिल्ह्याने असा मोजला आहे.

पण लाल त्रिकोणाचे कौतुक करताना आपण भोळे होऊन चालणार नाही. तो त्रिकोण घेऊन दारात येणारी नर्सबाई सरकारी होती, आणि तिच्या डोक्यावर शस्त्रक्रियांचे ‘टार्गेट’ होते. आणीबाणीत पुरुषांवर जबरदस्ती झाली, आणि त्यानंतर सगळा भार बायांच्या शरीरावर आला. नसबंदीचे धोके, इतर साधने, नकार देण्याचा हक्क, यांपैकी काहीही तिने सांगावे अशी वरून अपेक्षा नव्हती. ही उद्दिष्टे १९९६मध्ये हटवली गेली, त्यामागे देशभरातल्या स्त्री-संघटनांचा आणि आरोग्य-कार्यकर्त्यांचा रेटाही होता. तेव्हा ‘माणूस सरकारचा असला म्हणजे खरे सांगेल’ असे आपण म्हणू शकत नाही. त्याही आधीची कोतवालाची दवंडी घ्या. ती पूर्ण सरकारी होती, फुकट होती, स्थानिक भाषेत होती. पण ती पिटली जायची चावडीवर, पारावर, जिथे बाया उभ्या राहत नाहीत.

आणखी एक उदाहरण आपल्या लढ्यातले. गावातले दारूचे दुकान बंद करायला ‘आडवी बाटली’चे मतदान घेता येते, हे तुम्हाला ठाऊक आहे. २५ टक्के महिला मतदारांनी सह्या करून मागणी करायची, आणि मतदानात निम्म्याहून जास्त मते आडव्या बाटलीला पडायला हवीत. ही निम्मी मते मतदानाला आलेल्या बायांपैकी नाही, तर यादीतल्या एकूण बायांपैकी. म्हणजे जी आली नाही तिचे मत दुकानदाराच्या पारड्यात. अशा मतदानात तारीख, जागा आणि पद्धत प्रत्येक बाईला कळणे हाच निम्मा विजय असतो. पण या हक्काची पानभर जाहिरात तुम्ही कधी पाहिली आहे का? सरकारचे दारूवरचे उत्पन्न ज्यामुळे कमी होते, ती माहिती सांगण्यात सरकारला रस नसतो, कर्मचारी आपले असोत की कंत्राटदाराचे. यवतमाळच्या बाया वर्षानुवर्षे जिल्हा दारूबंदीची मागणी करत आहेत. शेजारच्या वर्ध्यात १९७४पासून आणि गडचिरोलीत १९९३पासून बंदी आहे. चंद्रपुरात २०१५मध्ये आली आणि २०२१मध्ये उठली. या सगळ्या काळात माहिती गावोगाव नेली ती बायांच्या संघटनांनीच, स्वतःच्या पदरचे खर्चून.

मग पगारी काय आणि कंत्राटी काय, दोन्ही सारखेच, असे म्हणायचे का? नाही. फरक आहे आणि तो जाब विचारण्यात आहे. नर्सबाईवरचे टार्गेट उठवता आले, कारण ते टार्गेट सरकारी कागदावर होते, ते कोणी लादले हे माहीत होते आणि मोर्चा कुठे न्यायचा हे कळत होते. सरकारी कर्मचाऱ्याच्या कामाची नोंद सरकारी दफ्तरात असते, ती माहिती अधिकारात मागता येते. कंपनीच्या बाबतीत तीच माहिती मागितली की ‘व्यापारी गोपनीयता’ हे कायद्याच्या आठव्या कलमातले कारण पुढे करता येते. कंपनीच्या हाती आपल्या बायांची नावे, मोबाईल नंबर, बँक खाती गेली तर ती कंत्राट संपल्यावर कुठे जातात, हे विचारायला खिडकी नसते. नवऱ्यापासून लपून राहणाऱ्या बाईचा नंबर म्हणजे तिचा जीव असतो, हे आपल्याला चांगले माहीत आहे. शिवाय कंपनीला काम देणारा जो नेता, त्याची छबी मोठी करणे हेच तिचे काम होऊन बसते. सर्वोच्च न्यायालयाने मे २०१५मध्ये सरकारी जाहिरातींसाठी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. जाहिरात सरकारच्या जबाबदारीशी संबंधित असावी, वस्तुनिष्ठ असावी, सत्ताधारी पक्षाचा प्रचार करणारी नसावी, खर्चाला समर्थन असावे. नेत्यांच्या छायाचित्रांवर तेव्हा बंधने आली होती, पण २०१६मध्ये मुख्यमंत्री आणि मंत्र्यांच्या छायाचित्रांना परत वाट मिळाली. आपल्या चौकातले फलक पाहून त्या वाटेवर किती वर्दळ आहे ते ठरवा.

कंत्राटीकरणाचा आणखी एक धागा बायांच्या नोकऱ्यांशी जोडलेला आहे. सप्टेंबर २०२३मध्ये राज्य सरकारने नऊ खासगी संस्थांमार्फत सरकारी कामांसाठी माणसे घ्यायचे ठरवले. तरुणांमध्ये असंतोष उसळला आणि ऑक्टोबरमध्ये तो निर्णय मागे घ्यावा लागला. पण मनातून तो विचार गेलेला नाही. कंत्राटावर येणारी मुलगी अकरा महिन्यांच्या कागदावर असते. बाळंतपण आले की तिचा कागद नवा होत नाही. वरिष्ठाने त्रास दिला तर तक्रार कोणाच्या समितीकडे करायची, कंपनीच्या की खात्याच्या, यात तिची कोंडी होते. आणि जिचे स्वतःचे पोट पुढच्या महिन्यात भरेल की नाही याची खात्री नाही, तिने सरकारी योजनेतली चूक वर कळवावी अशी अपेक्षा आपण कोणत्या तोंडाने करायची? खरी माहिती द्यायला माणसाच्या पायाखाली जमीन लागते.

बाहेरच्या माणसांना दार बंदच करा, असे आम्ही म्हणत नाही. १९६८मध्ये ‘निरोध’ देशभर पोचवण्यासाठी चहा, साबण, सिगारेट विकणाऱ्या कंपन्यांची वितरणाची साखळी वापरली गेली. तिथे काम नेमके होते, माल दुकानापर्यंत नेणे. तसेच छपाई, चित्रीकरण, ध्वनिमुद्रण, एखादे संकेतस्थळ बांधणे ही कसबाची कामे ज्याच्याकडे कसब आहे त्याला जरूर द्यावीत. जिल्ह्यातल्या कलापथकाला, कोलामी किंवा गोरबोली नीट बोलणाऱ्या मुलींना दाम मोजून बोलवावे. फक्त एक रेष आखावी. काय सांगायचे, काय आधी सांगायचे आणि प्रश्नाला उत्तर कोण देणार, या तीन गोष्टी कंत्राटात जाता कामा नयेत. त्या सरकारच्या स्वतःच्या, नावागावाने ओळखता येणाऱ्या माणसाकडेच राहिल्या पाहिजेत.

यातून आमच्या मागण्या निघतात. पहिली, आशा, अंगणवाडी सेविका, मदतनीस यांना कर्मचारी म्हणून मान्यता आणि वेतन द्या. तोवर निदान माहिती पोचवण्याच्या प्रत्येक नव्या कामाचा वेगळा, लेखी, वेळेवर मोबदला द्या. दुसरी, प्रसिद्धीसाठी मंजूर होणाऱ्या रकमेतला ठरावीक हिस्सा थेट गावपातळीवर खर्च व्हावा आणि तो किती झाला हे जाहीर व्हावे. तिसरी, जिल्हा माहिती कार्यालयातली मंजूर पदे भरा, त्यांत बाया घ्या, त्यांना नव्या माध्यमांचे प्रशिक्षण द्या, आणि कोलामी, गोंडी, गोरबोली जाणणारी माणसे नेमा. आकाशवाणीचे यवतमाळ केंद्र आहेच, त्यावर या भाषांत बायांच्या हक्कांची माहिती नेमाने द्या. चौथी, बायांसाठीच्या कोणत्याही योजनेचा मजकूर छापण्याआधी तो जिल्ह्यातल्या चार गावांतल्या बायांना वाचून दाखवा, आणि त्यांना न कळलेले वाक्य बदला. पाचवी, प्रत्येक कंत्राटाची रक्कम, काम आणि मुदत जाहीर करा, आणि बायांची खासगी माहिती कंपनीच्या हाती देऊ नका.

मागण्या लिहून भागत नाही, हे आपण जाणतो. म्हणून या तिमाहीत एक काम करूया. प्रत्येक तालुक्यातल्या गटाने माहिती अधिकाराचा एक अर्ज टाकावा. आपल्या राज्यात अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांत लिहायचा असतो, शुल्क १० रुपये, दारिद्र्यरेषेखालच्या बाईला तेही नाही, आणि उत्तर ३० दिवसांत मिळायला हवे. जिल्हा माहिती कार्यालयाला विचारा, मंजूर पदे किती, भरलेली किती, त्यात बाया किती. जिल्हा परिषदेच्या महिला व बालकल्याण विभागाला विचारा, गेल्या वर्षी प्रसिद्धीवर किती खर्च केला, कोणाला दिला, आणि कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या प्रसिद्धीवर त्यातला किती. एका गटाने पदांचे विचारावे, दुसऱ्याने खर्चाचे, म्हणजे अर्ज फेटाळायला निमित्त उरणार नाही. सोबतच गावातल्या सेविकेला आणि आशाला बैठकीला बोलवा. त्यांच्याविरुद्ध तक्रारी असतील तर त्यांच्या तोंडावर बोला, पण त्यांना आपल्या बाजूला घ्या. गावातल्या बाईचा राग आज सरकारवर निघत नाही, तो समोर दिसणाऱ्या सेविकेवर निघतो. ‘हप्ता का आला नाही’ याची शिवी तीच खाते. दोघी एकमेकींशी भांडत राहिल्या तर वरच्यांना ते सोयीचेच आहे.

आलेली उत्तरे आणि न आलेली उत्तरेही आमच्याकडे पाठवा. पुढच्या अंकात ती तालुकावार छापू. किती पैसा फलकावर गेला आणि किती पोडापर्यंत, तांड्यापर्यंत पोचला, याचा हिशेब आपल्याच अंकात आपल्याच हाताने मांडूया.

– संपादक मंडळ